आत्या बंदरावर उतरली

आत्या त्या जहाजावर गेली ती दुसऱ्या कुणाच्या तरी जागी. तिच्या धाकट्या भावाने सहा महिने आधीच आठवडाभराच्या सफरीची तिकिटं काढून ठेवली होती. तो, त्याची बायको, दोन मुली आणि त्याची सासू अशी पाच माणसं जायची होती. निघायला पंधरा दिवस उरले असताना सासूबाई न्हाणीघरात घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडून बसल्या. पैसे परत मिळणार नाहीत, फार तर तिकिटावरचं नाव बदलून देऊ, असं जहाजवाल्यांनी कळवलं. त्याच संध्याकाळी भावाचा फोन आला.

"ताई, पुढच्या महिन्यात मोकळी आहेस ना?"

"मी निवृत्त झालेय," आत्या म्हणाली. "मी मोकळीच असते."

तिला घरात सगळेच आत्या म्हणत. मुली म्हणायच्या म्हणून त्यांची आई म्हणू लागली, आईचं ऐकून शेजारी म्हणू लागले, आणि आता दूध टाकणारासुद्धा "आत्या, पिशवी" अशी हाक मारायचा. भाऊ तेवढा ताई म्हणायचा, तेही काही काम निघालं की. आत्याने लग्न केलं नव्हतं. का केलं नाही, याचं एक असं कारण नव्हतं. आई आजारी होती, मग भावाचं शिक्षण होतं, मग भावाचं लग्न झालं, आणि मग विचारणारं कुणी उरलं नाही.

तिने चौतीस वर्षं एका मोठ्या सरकारी दवाखान्यात टेलिफोन ऑपरेटरचं काम केलं. तिची खोली जिन्याखाली होती. खिडकी नाही, भिंतीला एक पंखा आणि समोर बोर्ड. आधी दोऱ्यांचा बोर्ड होता, नंतर बटणांचा आला. अपघात विभाग अकरा, बाळंतिणींचा वॉर्ड चौदा, रक्तपेढी बावीस, शवागार चाळीस. हे आकडे तिला झोपेतून उठवून विचारले तरी पाठ होते. दवाखान्यात फोन करणारा माणूस कधी सुखासुखी फोन करत नाही, हे ती पहिल्याच महिन्यात शिकली. काही लोक ओरडायचे. काही काहीच बोलायचे नाहीत, नुसता श्वास ऐकू यायचा. तिला वरिष्ठांनी "थांबा, जोडून देते" असं म्हणायला शिकवलं होतं. तिने ते वर्षभरात सोडून दिलं आणि स्वतःचं वाक्य धरलं: "मी लाइनवर आहे." एवढं म्हटलं की पलीकडच्याचा आवाज अर्ध्या पट्टीने खाली यायचा.

निम्मं गाव तिच्या आवाजाला ओळखायचं आणि तिला मात्र कुणीच नाही. एकदा भाजीच्या रांगेत मागचा माणूस कुणाशी तरी बोलत होता, तेव्हा तिच्या लक्षात आलं, हा तोच. याच्या बायकोला जुळं झालं तेव्हा याने सहा तासांत अकरा वेळा फोन केला होता. मुलं आता केवढी झाली असतील, असं विचारावंसं वाटलं. पण कोण म्हणून विचारणार? ती वांगी घेऊन घरी आली.

मग दवाखान्यात यंत्र बसलं. अमक्यासाठी एक दाबा, तमक्यासाठी दोन दाबा. आत्याला निवृत्तीला दोन वर्षं बाकी होती. तेवढी दोन वर्षं तिला नोंदणीच्या खिडकीमागे कागद लावायला बसवलं आणि शेवटी एक भिंतीवरचं घड्याळ देऊन निरोप दिला. त्या निरोप समारंभात दवाखान्याचे मोठे डॉक्टर तिच्याशी दोन शब्द बोलले आणि चमकून म्हणाले, "अरे, त्या तुम्ही होय."

तर अशी आत्या जहाजावर चढली. तिची झोपायची जागा दोन भाच्यांच्या खोलीत, भिंतीतून उघडणाऱ्या वरच्या पलंगावर होती. खोलीला खिडकी नव्हती. भावाला त्याचं वाईट वाटलं, पण आत्या म्हणाली, "मला सवय आहे." पहिले दोन दिवस नुसतं पाणीच पाणी होतं. थोरली भाची चौदा वर्षांची, कानात गाणी ऐकायचे बोळे घालून पडलेली असायची. धाकटी आठ वर्षांची, ती पोहण्याच्या टाकीत. भाऊ आणि त्याची बायको कुठल्या ना कुठल्या कार्यक्रमाला जायचे. आत्या वरच्या मजल्यावरच्या खुर्चीत बसायची आणि येणाऱ्याजाणाऱ्यांचे आवाज ऐकायची.

तिसऱ्या दिवशी जहाज एका लहानशा बंदराला लागणार होतं. आदल्या संध्याकाळी जेवताना भाऊ म्हणाला, "आम्ही ती काचेच्या तळाची बोट घेतलीय. खालचे मासे दिसतात. ताई, तुझं नाव घातलं नाही. तुला बोट लागेल म्हटलं."

"जहाज लागलं नाही, तिथे बोट काय लागणार," आत्या म्हणणार होती. पण तिने त्या बोटीचा दर सकाळीच फलकावर वाचला होता. तिच्या निवृत्तिवेतनाचा चांगला लचका तोडेल एवढा तो होता, आणि तेवढे पैसे भावाच्या खिशातून जाणं तिला जड गेलं असतं. ती म्हणाली, "बरं केलंस."

"तुम्ही आराम करा, आत्या," वहिनी म्हणाली. "उतरलं की नुसता खर्च असतो. आणि जहाजावर जेवण फुकटच आहे."

पण सकाळी जहाज धक्क्याला लागलं आणि आत्याला वरून गाव दिसलं. उतरत्या छपरांची घरं टेकडीवर चढत गेली होती, धक्क्याजवळ जाळी वाळत घातली होती, आणि एक बाई गच्चीत चादर झटकत होती. त्या बाईने एकदा वर पाहिलं आणि पुन्हा चादर झटकू लागली. आत्याला वाटलं, एवढ्या लांब आलो आणि जमिनीला पायही लावला नाही, तर लोक हसतील. कोण लोक, ते काही तिला सांगता आलं नसतं.

नाश्त्याला तिने दोन पाव आणि दोन उकडलेली अंडी कागदी रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकली. जहाजावरचं खाणं बाहेर न्यायला मनाई होती, हे दारावर लिहिलं होतं. छत्तीस वर्षं सरकारी नोकरीत एक टाचणी घरी न नेलेली आत्या पहारेकऱ्यासमोरून जाताना इतकी ताठ चालली की त्यानेच विचारलं, "बाई, बरं वाटतंय ना?"

"उत्तम," आत्या म्हणाली.

तिच्यापाशी त्या देशाचे थोडेसेच सुटे पैसे होते. काल जहाजावर बदलून घेतलेली सगळ्यात लहान नोट आणि नाणी. भाषेची मात्र अडचण नव्हती, त्या किनाऱ्यावर पिढ्यानपिढ्या आपलीच माणसं वसलेली होती. धक्क्याबाहेर पाऊल टाकताच चहूबाजूंनी लोक आले: गाडी पाहिजे का, गाव दाखवतो, शिंपल्यांच्या माळा घ्या. तिने नको नको म्हणत वाट काढली आणि पहिल्या वळणावर तिला जे हवं होतं ते सापडलं. गावच्या बसचा थांबा. कुठल्याही अनोळखी गावात साधी बस धरावी आणि शेवटच्या थांब्यापर्यंत जावं, ही तिची फार जुनी इच्छा होती. दवाखान्यात असताना रोज सुटल्यावर ती तिसऱ्या थांब्यावर उतरायची, आणि ती बस पुढे कुठे जाते हे तिने कधी पाहिलंच नव्हतं.

"कुठलं तिकीट?" चालकाने विचारलं. कंडक्टर नव्हता, तोच पैसे घ्यायचा.

"शेवटचं."

"शेवटी काय नाहीये, बाई. बंदराचा टॉवर आहे नुसता."

"चालेल."

बस गावातून चढत गेली. शाळा लागली, लाकडाची वखार लागली, एक न्हाव्याचं दुकान लागलं. त्यात न्हावी स्वतःच गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसून पेपर वाचत होता. माणसं उतरत गेली. शेवटच्या चढावर बसमध्ये ती एकटीच होती आणि चालक आरशातून तिच्याकडे अधूनमधून बघत होता, ही बाई नक्की कुठे चाललीय म्हणून.

टेकडीच्या टोकावर बस वळली, तिला उतरवून गेली. जाताना चालकाने सांगितलं, "अडीचला येईन. नंतर एकदम साडेचारला." जहाजावर परतायची वेळ साडेचारचीच होती. आत्याने अडीच हे मनात दोनदा म्हणून घेतलं.

समोर पांढरी दुमजली इमारत होती, वरच्या मजल्याला तिन्ही बाजूंनी काचा. भिंतीलगत एक बाकडं होतं. खाली सगळं बंदर दिसत होतं आणि तिचं जहाज तिथून एखाद्या पांढऱ्या साबणाच्या वडीसारखं दिसत होतं. तिने पाव सोडला, अंड्याची सालं रुमालात गोळा केली आणि सावकाश खाल्लं. वारा छान होता. आता हे कुणाला तरी सांगावं, असं मनात आलं आणि तिने आजूबाजूला पाहिलं. कुणीच नव्हतं. चौतीस वर्षं बंद खोलीत काढली, पण इतकी एकटी ती तिथे कधी नव्हती. तिथे निदान कानात कुणीतरी असायचं.

तेवढ्यात वरच्या उघड्या खिडकीतून आवाज आला. पुरुषाचा, शांत, जरासा घोगरा.

"हळू घ्या. घाई नाही. मला दिसताय तुम्ही. हां, आता थोडं डावीकडे."

आत्याचा घास हातातच राहिला. पलीकडच्याला आपण दिसत नसताना माणूस त्याच्याशी बोलतो तेव्हा आवाज कसा होतो, ते तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? हा आवाज तसा होता. शब्द थोडे, मधल्या जागा मोठ्या, आणि पलीकडच्याला घाबरायला वाव नाही. ती ऐकत बसली. पाऊण तास गेला असेल.

मग दार उघडून एक माणूस चहाचा चोथा टाकायला बाहेर आला. साठीला टेकलेला, चष्मा कपाळावर चढवलेला.

"बस चुकली का तुमची?"

"नाही. अडीचच्या बसने जाईन."

"मग इथं काय पाहताय?"

"पाहत नाहीये, ऐकतेय," आत्या म्हणाली, आणि आपण हे काय बोलून गेलो म्हणून तिला कसंसंच झालं. "मी ऑपरेटर होते. टेलिफोन. दवाखान्यात."

त्या माणसाने चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि तिच्याकडे नीट पाहिलं. "वर या," तो म्हणाला. "चहा टाकलाय. जोडीदार आज रजेवर आहे, मी एकटाच आहे. बाहेरच्यांनी वर यायचं नसतं, पण बाहेरचं कुणी येतच नाही."

वर एक लांब टेबल होतं, दोन वायरलेस, एक साधा टेलिफोन, दुर्बीण आणि जाड वही. त्याने थर्मासच्या झाकणात तिला चहा दिला. तिचं जहाज पहाटे त्यानेच आत घेतलं होतं, असं त्याने सांगितलं. त्या जहाजाच्या कप्तानाशी तो नऊ वर्षं बोलतोय. पंधरवड्यातून एकदा, येताना आणि जाताना.

"भेटलात कधी?"

"कशाला भेटतोय? ते खाली, मी वर. एकदा त्यांना सर्दी झालेली मला आवाजावरून कळली. म्हटलं, आलं घ्या. पुढच्या खेपेला म्हणाले, बरं वाटलं."

आत्या हसली. खूप दिवसांनी कुणीतरी तिच्या कामाच्या भाषेत बोललं होतं. तिने त्याला ते जुळ्याच्या बापाचं सांगितलं, अकरा फोन आणि भाजीची रांग. तो हसला नाही. "विचारायला हवं होतं," म्हणाला. "त्याला आवडलं असतं." मग त्याने सांगितलं, त्याची बायको माहेरगावी असते, मुलगी शिकते तिथे. महिन्यातून चार दिवस तो जातो. "घरी गेलो की मला बोलायचं काय तेच सुचत नाही. बायको म्हणते, रेडिओवर बरे बोलता."

दोन वाजत आले असताना एक मालवाहू जहाज आत यायला निघालं. बंदराच्या तोंडापाशी खडक होते, वाट अरुंद. तो उभा राहिला, वायरलेस हातात घेतला आणि पुन्हा त्या आवाजात बोलू लागला. आत्या निघायच्या बेताने पर्स उचलत होती, तेवढ्यात टेबलावरचा टेलिफोन वाजला.

तो वाजत राहिला. माणसाची नजर खडकांवरून हलू शकत नव्हती. सहा घंटा झाल्या, सात झाल्या. त्याने एकदाच तिच्याकडे पाहिलं आणि भुवया उंचावल्या. आत्याने रिसीव्हर उचलला.

"बंदर कंट्रोल. बोला."

पलीकडे एक बाई होती. आधी ती काय बोलतेय ते कळेचना, शब्द एकमेकांवर पडत होते. तिचा नवरा पहाटे जाळी काढायला एकटा गेला होता, नऊला यायचा, आता दोन वाजले. फोन लागत नाही. हृदयाची गोळी घरीच राहिली. धक्क्यावर विचारलं तर ते म्हणतात येईल, येईल.

"मी लाइनवर आहे," आत्या म्हणाली. "एकेक विचारते, तेवढंच सांगा. होडीचा रंग कसला?"

"हिरवी. हिरवी आणि पांढरा पट्टा."

"इंजिनाची की वल्ह्याची?"

"इंजिनाची, जुनं इंजिन आहे. मी हजारदा सांगितलं बदला म्हणून."

"बरोबर सांगितलंत. जाळी कुठे टाकलेली असतात?"

बाईला जागेचं नाव आठवेना. आत्याने घाई केली नाही. "घरातून निघाले की समुद्र उजव्या हाताला ठेवून जातात की डाव्या?" हळूहळू नाव आठवलं. मोठ्या कातळाच्या पलीकडे. आत्याने वहीच्या मागच्या पानावर सगळं मोठ्या अक्षरात लिहिलं आणि ती वही त्या माणसाच्या कोपराशी सरकवली. तो बोलता बोलता वाचत होता. मालवाहू जहाज खडकांतून सुटून मोकळ्या पाण्यात आलं, तसं त्याने दुसरा वायरलेस उचलला आणि बाहेर असलेल्या मासेमारीच्या बोटींना पुकारलं.

मधला वेळ मोठा होता. पलीकडची बाई रडत होती आणि आत्या तिला बोलतं ठेवत होती. घरी कोण आहे, शेजारी कुणाला बोलावून घ्या, नाही नाही, फोन ठेवू नका, तसाच हातात धरा. खिडकीतून तिला खाली रस्त्याचं वळण दिसत होतं. त्या वळणावरून बस वर आली, टोकाला वळली, क्षणभर थांबली आणि परत खाली गेली. आत्याने ती जाताना पाहिली. रिसीव्हर तिने कानापासून हलवला नाही.

तीनला दहा कमी असताना एका बोटीकडून जबाब आला. हिरवी होडी कातळाच्या आडोशाला होती, इंजिन बंद पडलेलं, म्हातारा आतले भाग सुटे करून बसलेला. दोरी बांधून आणतोय.

"सापडले," आत्या म्हणाली. "ठीक आहेत. इंजिनाला शिव्या घालतायत म्हणे."

पलीकडे ती बाई हसायला लागली आणि त्यातच हुंदके देऊ लागली. तिने विचारलं, "तुम्ही कोण बोलताय?"

"ऑपरेटर," आत्या म्हणाली.

रिसीव्हर ठेवल्यावर तिला एकदम तहान लागली. नोकरीत असताना हे रोज व्हायचं, फोन संपल्यावर. त्या माणसाने पाणी दिलं. मग त्याने घड्याळाकडे पाहिलं. "तुमची बस गेली."

"पाहिलं मी."

"मला इथून हलता येत नाही. तुमच्या जहाजाला निरोप देऊ का? पण ते थांबणार नाहीत, खोटं कशाला सांगू." तो खिडकीपाशी गेला. "मागून पायऱ्या आहेत. जुन्या आहेत, पण थेट मासळी बाजाराच्या मागे निघतात. सावकाश गेलात तरी चारपर्यंत पोचाल. गुडघे कसे आहेत?"

"आहेत आपले."

तो दारापर्यंत आला. काहीतरी बोलणार होता. "परत कधी या बाजूला आलात तर," एवढं तो म्हणाला आणि आत वायरलेस बोलू लागला. हात वर करून तो आत पळाला. दोघांनी एकमेकांचं नाव विचारलंच नव्हतं.

पायऱ्या उंच होत्या आणि कठडा मधेच तुटलेला. शंभरेक उतरल्यावर आत्याचा उजवा गुडघा बोलू लागला. ती एका पायरीवर बसली. खाली जहाज होतं तिथेच होतं, पण धक्क्यावरची माणसं आता उलट्या दिशेने, जहाजाकडे चालली होती. भीती अशी तिला तिथे पहिल्यांदा वाटली. आपण इथेच राहिलो तर कुणाला कधी कळेल? भाऊ बोटीतून येईल, झोपेल. मुली टाकीत जातील. जेवणाच्या टेबलावर पाचवी खुर्ची रिकामी दिसेल तेव्हा. म्हणजे सात. सात वाजता आपण कुठे असू? तिने गुडघा दोन्ही हातांनी चोळला, पदर खोचला आणि बाजू बदलत, आडव्या पावलांनी, भिंतीला धरून उतरू लागली. मासळी बाजार केव्हाच बंद झाला होता, ओल्या फरशीवर एक मांजर बसलं होतं. तिथल्या नळावर तिने तोंड धुतलं.

धक्क्यावर पोचली तेव्हा चार वाजून वीस मिनिटं झाली होती. पहारेकऱ्याने तिचं कार्ड यंत्राला लावलं. "तुम्ही शेवटून तिसऱ्या," तो म्हणाला. सकाळचाच होता तो. "गाव आवडलं वाटतं."

"बरं आहे," आत्या म्हणाली.

जहाज हललं तेव्हा ती वरच्या मजल्यावर कठड्याला टेकून उभी होती. टेकडी हळूहळू बाजूला सरकली आणि टोकावरच्या पांढऱ्या इमारतीच्या काचा उन्हात चमकल्या. आत कुणी आहे की नाही ते दिसत नव्हतं. या घडीला तो कप्तानाशी बोलत असणार, हळू घ्या, मला दिसताय तुम्ही. तिने हात वर उचलला. शेजारी उभी असलेली बाई तिच्याकडे बघतेय असं वाटलं, तेव्हा त्याच हाताने तिने केस मागे सारले.

जेवायला सगळी मंडळी नाक लाल करून आली होती. मासे दिसले होते, पण काच गढूळ होती. थोरलीला बोट लागली होती. धाकटी एका कासवाबद्दल बोलत होती, ते कासव तिने पाहिलं होतं आणि बाकी कुणी पाहिलं नव्हतं.

"ताई, झोप झाली का?" भावाने विचारलं. "आम्ही आलो तेव्हा खोलीचं दार बंद होतं, म्हटलं उठवू नये. मुलींनाही आमच्याच खोलीत थांबवलं."

आत्याने त्याच्याकडे पाहिलं. तो मनापासून विचारत होता. सूप पुढे सरकवत होता तिच्या बाजूला. तिने चमचा खाली ठेवला.

"मी आज एक फोन घेतला," ती म्हणाली.

"घेतलात?" वहिनी दचकलीच. "अहो आत्या, रोमिंग लागतं. इथे फोन उचलायचा नसतो. केवढं बिल येतं माहितीये?"

"जाऊ दे गं," भाऊ म्हणाला. "आलं तर बघू. ताई, तू काळजी करू नकोस. फार वेळ बोललीस का?"

"तासभर."

भावाने मनातल्या मनात हिशेब केला आणि तिला पाव वाढला. तो चांगला माणूस होता. आत्याच्या ओठांवर पुढचं वाक्य आलं होतं, हिरवी होडी आणि पांढरा पट्टा, पण तोवर धाकटीने पुन्हा कासवाचा विषय काढला आणि सगळे तिकडे वळले. आत्याने सूप संपवलं. गार झालं होतं.

दोन दिवसांनी दुसरं बंदर होतं. नाश्त्याच्या वेळी भाऊ जवळ येऊन बसला आणि म्हणाला, "ताई, आम्ही दोघं जरा खरेदीला जाऊन येतो. तू मुलींपाशी थांबशील ना?"

"संध्याकाळी थांबते," आत्या म्हणाली. "सकाळी मी उतरणार आहे."

"कुठे जाणार?"

"ठरवलं नाही अजून."

भावाने बायकोकडे पाहिलं. बायकोने मुलींकडे पाहिलं. "बरं," भाऊ म्हणाला, "मग आम्ही संध्याकाळी जातो," आणि खरंच त्यात फारसं काही अवघड नव्हतं.

ते बंदर अगदीच रुक्ष निघालं. गोदामं, पत्र्याची कुंपणं, ट्रक उभे. बारीक पाऊस पडत होता. आत्या गुडघ्याला पट्टी बांधून टपाल कचेरीपर्यंत चालत गेली. तिथे आत बाकं होती, म्हणून बसली. तीन बायका खिडकीवरच्या कारकुनाची वाट बघत आपापसांत कुणाच्या तरी सुनेबद्दल बोलत होत्या. एकीने आत्याला वेळ विचारली. आत्याने सांगितली, आणि मग स्वतःहून विचारलं, "कारकून कधी येतात?" त्या म्हणाल्या, येतील, चहाला गेलेत. आणखी काही बोलणं झालं नाही. कारकून आला, बायका आपापली कामं करून गेल्या. दोन तासांनी आत्याही जहाजावर परतली.

संध्याकाळी ती टाकीच्या कडेला टॉवेल घेऊन बसली होती. धाकटी पाण्यातून हात टेकून वर आली.

"आत्या, सकाळी काय पाहिलंस?"

"टपाल कचेरी."

"फक्त? एकटीच होतीस? कंटाळा नाही आला?"

"आला की," आत्या म्हणाली. "बराच आला."

धाकटीने थोडा विचार केला. "उद्यापण बंदर आहे. परत जाणार?"

"जाणार," आत्या म्हणाली आणि तिचं ओलं डोकं टॉवेलात घेऊन खसाखसा पुसायला लागली.